मामाच्या हातचा घास

बाळीला दहा महिने पूर्ण झाले तरी ती अजून दुधावरच होती, आणि यात घरातल्या कुणाचाच दोष नव्हता. सगळे आपापल्या शब्दाला जागत होते, एवढंच.

पहिला शब्द कृष्णात इंगवल्यांचा. त्यांची सून तेजस्वी बाळंतपणानंतर एकोणिसाव्या दिवशी तापानं गेली. तेराव्याला तिचा थोरला भाऊ धैर्यशील नेसरीहून आला आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "ताप बारशाच्या आदल्या दिवशी आलता. बारसं उरकू, मग दवाखान्यात न्हिऊ म्हणलासा. बुंदीपायी माझी बहीण घालवलीसा." कृष्णात उठले, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि बोलले, "हा गडी परत माझ्या उंबऱ्याच्या आत आला तर मी कृष्णात इंगवले न्हवं." फुलेवाडीत या वाक्याचं बरंच कौतुक झालं. कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचं कुठलंच वाक्य इतकं गाजलं नव्हतं.

दुसरा शब्द त्यांच्या पत्नीचा, धोंडुबाईंचा. सहाव्या महिन्यात उष्टावणाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "मामाच्या हातचा घास पडल्याबिगर माझ्या नातीच्या तोंडात शीत पडणार न्हाय." कुणीतरी मानलेला मामा सुचवला. त्यावर त्या म्हणाल्या, "सख्खा जित्ता असताना मानलेला कशाला? त्यो मेलाय व्हय?"

मामा एकच, आणि तो उंबऱ्याच्या बाहेर. पोर एकच, आणि ती आत. चार महिने असेच गेले. डॉक्टरीणबाईंनीही या काळात बरेच शब्द खर्च केले, पण त्या भावकीतल्या नव्हत्या.

मग गेल्या मंगळवारी कृष्णात ताटावरून उठता उठता म्हणाले, "नेसरीच्या पावण्यास्नी सांगावा धाडा. रविवारी उष्टावण उरकून टाका."

का, ते कुणी विचारलं नाही. धोंडुबाईंनी देवापुढे नारळ ठेवला.

रविवारी सकाळी त्या खिरीचे तांदूळ भाजत होत्या. हात चालत होता आणि मनात नेहमीचंच चाललं होतं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, गावाकडच्या घरात, त्यांचा पहिला मुलगा पिराजी सात महिन्यांचा होता. त्यांचा भाऊ पलटणीत, सीमेवर. रजा मिळेना. पोर भुकेनं मुठी चोखायचं. एका दुपारी सासू चिमणाबाई रानात गेलेल्या बघून धोंडुबाईंनी नाचणीची आंबील पातळ करून बोटानं चाटवली. दोन दिवस चाटवली. तिसऱ्या दिवशी पोराला हगवण लागली आणि आठव्या दिवशी पोर गेलं. चिमणाबाई म्हणाल्या, "मामाच्या आदी घास दिलीस. खाल्लीस पोराला." नंतर विश्वजित झाला, मोना झाली. दोघांची उष्टावणं मामाच्या हातून, रजा मंजूर करून घेऊन झाली. चिमणाबाई मरेपर्यंत हे वाक्य अधूनमधून वापरत राहिल्या आणि त्या गेल्यावर धोंडुबाईंनी ते स्वतःच चालवायला घेतलं.

"आई, साखर बेतानं घाल," मोना दारातून म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, पोरास्नी एवढं गोड नगं."

"डाक्टरीणबाईला मामा न्हवता वाटतं."

"मामाचा काय संबंध गं साखरेशी?"

"जा, पोरीला कापडं घाल. आज शाप भोगून झाला म्हणायचा," धोंडुबाई म्हणाल्या आणि मूठभर साखर जास्तच घातली.

*

परकर बाळीच्या कमरेवर टिकत नव्हता. मोनानं नाडी दोनदा गुंडाळून गाठ मारली तरी तो घसरून मांडीवर आला. शेवटी तिनं सेफ्टी पिन लावली.

कागदावर बाळीचं नाव ईश्वरी होतं. ते ज्या दिवशी ठेवलं त्या दिवसाची आठवण नको म्हणून ते कुणी उच्चारत नसे. सोमवारी दवाखान्यात नाव पुकारलं तेव्हा मोनालाही क्षणभर कळलं नव्हतं की आपलाच नंबर आलाय. वजन पाच किलो आठशे. रक्त साडेसहा. डॉक्टरीणबाईंनी बाळीची जीभ बघितली आणि विचारलं, "ही भिंत चाटते का हो?"

मोनानं मान हलवली. पलंगाशेजारच्या भिंतीचा रंग वीतभर खरवडलेला होता. जिभेवर पांढरं दिसलं की धोंडुबाई म्हणायच्या दुधाची साय आहे. चुन्याला मामा लागत नव्हता.

"अंगात रक्त नसलं की मुलं असं करतात. आठ दिवसांत ही खायला लागली नाही तर भरती करायची. मला कारणं सांगू नका," बाई म्हणाल्या.

मोनाकडे एक कारण होतं. सातव्या महिन्यात तिनं न्हाणीघरात उभं राहून बाळीला डाळीचं पाणी तीन चमचे पाजलं होतं. दुसऱ्या दिवशी बाळीला जुलाब झाले. दुधाची बाटली दिवसभर उघडी पडलेली असे, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. धोंडुबाईंनी चौकटीवर कपाळ आपटलं, रक्त येईपर्यंत आपटलं. त्या रक्ताकडे बघून मोनानं परत असं करणार नाही म्हणून सांगितलं. म्हणजे तिनंही एक शब्द दिला. नवऱ्याच्या घरून परत आलेल्या लेकीला माहेरी दुसरं काही देता येत नाही.

बाळीचा बाप, विश्वजित, दारात आला. नवा शर्ट, नवा भांग. शिरोलीच्या एमआयडीसीत चाळीस माणसं त्याच्या हाताखाली होती. घरात तो सगळ्यांच्या हाताखाली होता.

"झालं काय गं?"

"व्हायलंय." मोना चप्पल शोधायला वाकली आणि पलंगाखाली तिच्या हाताला पिशवी लागली. ओढली. आत बाळीची झबली, दुपटी, दोन बाटल्या आणि सगळ्यांत खाली लसीकरणाचं कार्ड. "हे काय?"

विश्वजित खिडकीकडे बघू लागला. खिडकीत काहीही नव्हतं.

"विशू, हे काय म्हणतो मी."

"विजयसिंह काकांनी जयसिंगपूरचं स्थळ आणलंय न्हवं. लोकं चांगली हायत. पोरगी बीएस्सी हाय."

"मी पिशवीचं इचारलो."

"त्यांचं म्हणणं, बाळी आजोळी ऱ्हाऊ दे. वरीस-दोन वरीस. मग बघू."

मोना पलंगावर बसली. "म्हणून आबांनी शब्द मोडला व्हय? मला वाटलं तिचं रक्त बघून..."

"शब्द मोडला न्हाय त्यांनी. कार्यक्रम भायेर पोर्चमधीच हाय. आबा म्हणालं, उंबऱ्याच्या आत येणार न्हाय म्हणलोतो, पोर्चचं बोललो न्हवतो."

मोनाला हसू आलं आणि गेलं. पोर्च काल बांधलेला नव्हता. सहाव्या महिन्यातही तो तिथंच होता.

"धैर्यशीलदादास्नी माहीत हाय?"

"आबा सांगणार हायत. घास पडल्यावर."

"आन् तुला काय वाटतं?"

"मला काय वाटणार? मला कुणी इचारलंय काय?" विश्वजित म्हणाला, आणि तो खरंच बोलत होता. "तू दादास्नी आदी काय बोलू नगंस हां, मोना. त्येंचं डोकं फिरलं तर निघून जातील. मग आई काय घास पडू देत न्हाय."

हे मात्र त्यानं बरोबर ओळखलं होतं. मोनानं बाळीला उचललं. बाळी रडली नाही. अलीकडे ती कशालाच रडत नसे. घरात तिला शहाणी म्हणत.

*

गाड्या बाहेर काढून पोर्चमध्ये सतरंजी अंथरली होती. भिंतीलगत चौरंग, भोवती रांगोळी. तीस-पस्तीस माणसं, त्यात बहुतेक भावकी. गोडाचा कार्यक्रम असल्यामुळे मटण नव्हतं आणि त्यामुळे पाहुणे येतानाच जरा नाराज होते.

धैर्यशील चपला काढून सरळ घराच्या दाराकडे निघाला, तेव्हा कृष्णात आडवे आले. "हितंच बसा पावणं. वारं चांगलं हाय."

धैर्यशीलला कळायला वेळ लागला नाही. त्यानं उंबरा बघितला, सतरंजी बघितली, आणि बसला. हातातल्या पिशवीत चांदीची वाटी, चमचा, बाळंतविडा. येताना गडहिंग्लजला थांबून त्यानं ती वाटी घेतली होती आणि निघताना बायकोनं हातात पाण्याची बाटली देत सांगितलं होतं, "घास भरवा आनि या. बाकी काय बोलू नगासा. आपली दोन, त्यात मामंजी अंथरुणात. माझ्याच्यानं आता हूत न्हाय." ती उगाच घाबरते, असं त्याला वाटलं होतं. दहा महिने तो ज्याला त्याला सांगत होता की पोरगी आमच्या ताब्यात द्या, त्या घरात ती जगायची नाही. गडहिंग्लजच्या वकिलाकडून एक पत्रही धाडलं होतं. मागत राहण्याचा एक मोठा फायदा होता, तो म्हणजे ते देणार नाहीत याची खात्री.

मोनानं बाळीला त्याच्या मांडीवर ठेवलं. तिच्या भुवया तेजस्वीच्या होत्या. बाकी सगळी ती कुणाचीच नव्हती. हात लागला तर आत काडी असल्यासारखं लागत होतं.

"किती वजन हाय?" त्यानं विचारलं.

"पाच आठशे," मोना म्हणाली.

"माझा बारका सहाव्या महिन्यात आठ किलो हुता." त्याचा आवाज वर चढला. "काय केलंयसा ह्या पोरीचं? आं? विश्वजितराव, बघितलायसा काय कधी हिला उचलून?"

एके काळी तो विश्वजितला दाजी म्हणे. विश्वजितनं मान खाली घातली.

"दादा, आदी घास भरवा," मोना घाईनं म्हणाली. "मग काय बोलायचं ते बोला. खीर आलीया बघा."

धोंडुबाई वाटी घेऊन आल्या. डोक्यावर पदर, डोळे भरलेले. त्यांनी मामाला आणि भाचीला ओवाळलं. "पावणं, चुकलं माकलं पोटात घाला. तुमची बहीण आज असती तर..."

"असती तर, व्हय. दोन दिवस आदी न्हेली असती दवाखान्यात तर असती की."

"दादा, चमचा घ्या," मोना म्हणाली.

"थांब गं ताई. एवढा ताप अंगात असताना पाटावर बसवलं तिला. फोटो हाईत माझ्याकडं. डोळं उघडंनात तिचं फोटोत. आनि आता पोरीचं हे! एक खाल्लीसा, दुसरी खावालाईसा. म्हणून म्हणत हुतो, पोरगी आमची आमाला द्या."

चमचा खिरीत होता. वर साय धरायला लागली होती. आणखी अर्धं मिनिट सगळे गप्प बसले असते तर घास पडला असता. पण कृष्णातांच्या शेजारी त्यांचे साडू विजयसिंह बसले होते, जयसिंगपूरचे, स्थळ घेऊन आलेले. त्यांनी आयुष्यभर जमिनींचे आणि लग्नांचे व्यवहार जुळवले होते आणि समोरचा माणूस भाव बोलला की लगेच हात पुढे करायची त्यांना सवय होती.

"मग ठरलं की!" विजयसिंह म्हणाले. "तुमी मागताय, हे देत्यात. न्ह्या की आजच. पिशवीसुदीक भरून ठेवलीया."

मोनानं डोळे मिटले.

"कसली पिशवी?" धोंडुबाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच कुणी सांगितलं नव्हतं.

कृष्णात घसा साफ करून म्हणाले, "घास झाल्यावर बोलणार हुतो मी. विश्वजितचं जुळवायचं हाय. पोरगी आजोळी वाढली तर बरं. पावण्यांचीबी तीच इच्छा हाय, लेखी हाय."

पस्तीस माणसांनी धैर्यशीलकडे बघितलं. त्याच्या मांडीवर बाळी होती, हातात चमचा होता, आणि दहा महिन्यांची त्याची मागणी त्याच क्षणी पूर्ण मान्य झाली होती. इतकी मोठी आपत्ती त्याच्यावर आजवर आली नव्हती. त्याला बायकोच्या हातातली पाण्याची बाटली दिसली, बापाचं अंथरूण दिसलं. मग तेजस्वीच्या भुवया दिसल्या आणि त्यानं पटकन दुसरीकडे बघितलं.

सुटायला एकच वाट होती, रागाची. ती त्याच्या पायाखालची होती.

"अस्सं!" तो म्हणाला. "म्हणजे घास भरवाय बोलवलासा ते ह्याच्यासाठी व्हय? माझ्या बहिणीच्या जागी दुसरी आणाय तिच्या पोरीची अडचण झाली काय? घरातला कचरा हाय व्हय ह्यो, दारातनं उचलून द्यायला? त्येबी पोर्चमधनं!"

"तुमीच मागत हुतासा की," विजयसिंह चकित होऊन म्हणाले.

"हक्कानं मागत हुतो! भीक म्हणून न्हवं!" धैर्यशीलनं चमचा वाटीत टाकला. बाळीला त्यानं चौरंगावर बसवलं, अगदी अलगद, पाठीला भिंतीचा आधार देऊन. "मी एक घास भरवाय आलोतो. जल्माचं जेवण तुमचं तुमी बघा."

"पावणं!" धोंडुबाई पुढे झाल्या. पदर घसरला. "पावणं, तुमच्या पाया पडतो मी. एक चमचा. एक बोट बुडवून लावा नुसतं. मग जावा. कुठं धाडत न्हाय मी तिला. एक बोट लावा!"

धैर्यशील चपला घालत होता. आता थांबला असता तर त्याला पिशवीसकट थांबावं लागलं असतं. "ज्यांनी बहीण दिली न्हाय वाचवून, त्यांच्या पोर्चमधी मी घास भरवणार न्हाय," तो म्हणाला. वाक्य चांगलं होतं. ते बोलून तो फाटकातून बाहेर पडला.

*

पाहुण्यांची पंगत आतच मांडली होती, कारण त्यांना उंबऱ्याची अडचण नव्हती. कुणीतरी "चला, पानं गार व्हतील" म्हणालं आणि लोक सुटल्यासारखे आत गेले. पोर्चमध्ये घरचीच माणसं उरली, आणि विजयसिंह.

धोंडुबाईंनी वाटी उचलली, तिच्यावर ताटली झाकली. "ठिऊन देतो. पुढचा म्हूर्त बघूया. चार दिसांनी राग जाईल त्यांचा."

"चार दिसांनी? उद्या-परवाच भरती करायची हाय तिला!" मोना ओरडली. "आण ती वाटी हिकडं. मी भरवतो."

"न्हाय."

"आई, सोड."

"न्हाय म्हणतो न्हवं!" धोंडुबाईंनी तिचं मनगट धरलं. साठीपलीकडच्या बाईच्या हातात इतका जोर कुठून आला, मोनाला कळेना. "एकदा करून बसलोय मी. माझा पिराजी गेलाय असा. हे हात बघ, ह्याच हातानं. तुला आणखी एक न्ह्यायचं हाय व्हय? आवशीमागं लेकरू?"

"आता तंटा नगं," विजयसिंह म्हणाले. "मी काय म्हणतो, पोरगी तूर्त मोनाकडं दाखवू. जयसिंगपूरला सांगू, आत्या सांभाळत्या."

"मोनाचंबी परत जमवायचं हाय मला," कृष्णात म्हणाले.

"मग अनाथाश्रमात न्या की!" मोना म्हणाली. विश्वजित म्हणाला, "असं काय बोलतीस गं."

कृष्णातांना बोलणं संपल्यावर कुठंतरी बघायची सवय होती. त्यांनी चौरंगाकडे बघितलं. सगळे तिला विसरले होते. बाळी मान वळवून भिंतीशी तोंड नेऊन होती. सावकाश, लक्ष लावून, मांजरीनं ताट चाटावं तशी ती भिंत चाटत होती. ओठ पांढरे. कृष्णातांनी हे आजवर ऐकलं होतं. बघितलं नव्हतं. घरातली पोरं बघायची असतात ती संध्याकाळी, तोंड धुऊन आणल्यावर.

त्यांना एकदम गावचा आड आठवला. तो अधूनमधून आठवायचा, पण त्याचं काही करावं असं कधी वाटलं नव्हतं.

"पिराजी तुझ्या हातनं गेला न्हाय," ते म्हणाले.

धोंडुबाईंनी मोनाचं मनगट सोडलं नाही. "काय?"

"त्या साली आडाचं पाणी नासलंतं. अकरा पोरं गेली गावात, म्हैन्याभरात. मामाच्या हातनं जेवलेलीबी गेली. तालुक्याचा डाक्टर मागनं आलता. आडावर कागद लावून गेलता, पाणी पिऊ नका म्हणून."

"मी रोज जात हुतो आडावर. कागद बघितला मी. कसलातरी म्हणून..."

"तुला वाचाय येत न्हवतं. मी वाचलाता."

आतून पंगतीचा आवाज येत होता. कुणीतरी भात मागत होतं.

"मग सांगितलं का न्हाईसा?" धोंडुबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, बाजारातून कोथिंबीर आणली का विचारावं तसा.

"आई जित्ती हुती. तिच्या तोंडावर कसं सांगायचं?"

"आत्याबाई जाऊन एकवीस वर्सं झाली."

कृष्णातांनी विचार केला. ते प्रामाणिक माणूस होते, विचारलं तर खरं सांगत. "मग ऱ्हाऊन गेलं," ते म्हणाले.

धोंडुबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्या रडतील असं मोनाला वाटलं, विश्वजितला वाटलं त्या ओरडतील, आणि विजयसिंहांना वाटलं की आता आपण जेवायला जावं. धोंडुबाईंनी यातलं काही केलं नाही. मनगट सोडलं. वाटीवरची ताटली काढून ती नवऱ्याच्या हातात दिली, भांडं मोलकरणीच्या हातात द्यावं तशी. कृष्णात ती धरून उभे राहिले. मग धोंडुबाई खाली बसल्या, बाळीला भिंतीपासून सोडवून मांडीवर घेतलं, पदरानं तिचे ओठ पुसले आणि बोट खिरीत बुडवून तिच्या तोंडात घातलं.

उष्टावण झालं. मुहूर्त टळून गेला होता, ओवाळून झालेलं होतं, मामा गडहिंग्लजच्या रस्त्याला लागला होता. विश्वजितनं सवयीनं मोबाईल वर धरला फोटो काढायला, आणि मग खाली घेतला.

बाळीनं जीभ बाहेर काढली. खीर हनुवटीवर आली.

धोंडुबाईंनी परत बोट घातलं. परत जीभ बाहेर आली. तिसऱ्यांदा शिताचा कण आत राहिला आणि बाळीला उबळ आली, डोळे मोठे झाले, अंग ताठलं आणि सगळं पदरावर पडलं. ती कितीतरी दिवसांनी रडली. तोंड उघडं होतं, आवाज मात्र फारसा नव्हता.

"गिळंना गं ही," धोंडुबाई म्हणाल्या. "भूक न्हाय व्हय हिला?"

"भूक हाय, आई." मोना शेजारी टेकली होती. "तिला येतच न्हाय गिळायला. जिभेनं आत ढकलायचं असतं हेच तिला म्हाईत न्हाय. सहाव्या म्हैन्यापास्नं शिकत्यात पोरं. हिला कुणी शिकवलंच न्हाय."

"म्हणजे आता?"

"म्हणजे परत द्यायचं. आज दोन बोटं गेलं तर दोन. जाईस्तवर."

"आनि न्हाईच गेलं तर?"

मोनानं आतून दूध आणलं. धोंडुबाईंनी वाटीतला भात बोटांनी कुस्करायला घेतला, बारीक, आणखी बारीक, पिठासारखा. दूध घालून सैल केला. चिमटीभर घेतला आणि बाळीच्या खालच्या ओठावर नुसता ठेवला. बाळी त्याच्याकडे बघत राहिली, म्हणजे बघता येईल तेवढं, नाकाच्या शेंड्यावरून. ओठ हलला नाही.

पोर्चच्या फाटकाशी विजयसिंहांचा फोन वाजला. ते थोडं लांब जाऊन बोलले, मग हात फोनवर दाबून विश्वजितला खूण केली. विश्वजित दोन पावलं आईकडे आला, दोन मागे गेला, परत आला.

"आई, जयसिंगपूरची मंडळी हायत. इचारायलीत, पोरीचं काय ठरलं म्हणून. काय सांगू?"

धोंडुबाईंनी वर बघितलं नाही. त्यांचं बोट बाळीच्या ओठाशी होतं आणि तोंड बाळीच्या तोंडासारखंच किंचित उघडं.

"जेवालीय म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "आनि मधी बोलू नगंस."

बाळीनं अजून काही गिळलं नव्हतं.